अठरा छर्रे

रिगात सायकल ढकलत आली तेव्हा
अस्माराच्या गल्लीत धुकं अजून उठलं नव्हतं.
गिर्मात्सियोन चहात बुडवलेला पाव
तसाच हातात धरून म्हणाला, बोल.

गियर ऐकत नाही.
चौथा टाकला की पाचवा पडतो,
पाचव्यावर बसला म्हणावं तर ऐन चढाला,
उभं राहून जोर लावते तेव्हा
चेन कडकन उडते आणि मी हँडलवर.
तिने हनुवटी दाखवली. खपली ओली होती.

घरी काय काय केलंस?
केबल नवी घातली. स्क्रू अर्धा फेरा आवळला,
पाव फेरा सैल केला, परत आवळला.
चेन रात्रभर रॉकेलमध्ये ठेवली.
मामाने डिरेलरला शिव्या दिल्या.
भावाने तो पक्कडीने वाकवून पाहिला,
मग उलटा वाकवून पाहिला.
म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

मला कामाला लागून सहा महिने झालेले.
दिवा धरणं, छर्रे मोजणं, तोंड बंद ठेवणं,
यातलं तिसरं जमत नव्हतं.
म्हटलं, केबलच असणार.
तो म्हणाला, दिवा धर.

सायकल आकड्याला टांगली.
हाताने पेडल फिरवत तो नुसता ऐकत राहिला.
चेन दातावरून दातावर
अशी सोज्वळ चढली-उतरली,
जशी मुलगी बघायला आलेली मंडळी वागतात.
वजन नसताना सगळेच शहाणे, तो म्हणाला.

मग चाक.
चाक आउट होतं हे मलाही दिसत होतं.
पण काल ब्रेकला डावीकडे घासायचं,
आज उजवीकडे. असं कसं?
रिम वाकली तर ती एकाच जागी बोलते, तो म्हणाला,
हे जागा बदलून बोलतंय.
रोग रेड्याला होता
आणि आठवडाभर औषध पखालीला चाललं होतं.

त्याने रिम दोन बोटांत धरून आडवी हलवली.
टक्.
समोरच्या दुकानातलं कॉफीचं मशीन
नेमकं तेव्हा फुसफुसायचं थांबलं होतं,
म्हणून ऐकू आलं.

खटका उघडला. मधली बारीक सळई ओढली.
आणि आस
दोन तुकडे होऊन त्याच्या पंजात आला.

मी दिवा जवळ नेला.
तुटल्या तोंडाची कड काळी, तेल प्यालेली, जुनी,
आणि मध्यभागी साखरेच्या दाण्याएवढी
चकाकती जागा, अगदी परवाची.

परवाच तर, रिगात म्हणाली,
नेफासितचा उतार उतरले मी.
एकेक वळण ब्रेक न लावता. तिसरी आले.
मग तेलाच्या डब्यावर बसली आणि म्हणाली,
म्हणजे मी बसले होते कशावर?
गिर्मात्सियोनने सळई उचलून दाखवली.
पेन्सिलीपेक्षा बारीक.
तिला हसू आलं, मग आलं नाही.

नवा आस दुकानात नव्हता.
मी मेदेबेरला धावलो,
जिथे पत्रे ठोकण्याच्या आवाजात
भाव बोटांनी करावा लागतो.
तीन आस मिळाले; दोघांचे आटे जुळले नाहीत.

परत येऊन छर्रे मोजले.
नऊ आणि आठ.
टेबलाखाली पाहिलं, झाडूने ओढलं,
म्हाताऱ्याने चहाचा पेलासुद्धा तिरका करून बघितला.
मग डबीतून नवे काढले. एक नाही, नऊ.
जुन्यांत एकटा नवा घातला, तर
सगळं ओझं त्याच्याच डोक्यावर येतं, तो म्हणाला,
आणि कोन आवळता आवळता
माझ्याकडे पाहिलं की उगाच वाटलं, कोण जाणे.

तिने एक तुकडा खिशात घातला, पैसे उद्या म्हणाली.
दुसऱ्याखाली अजून उधारीच्या चिठ्ठ्या आहेत.

रात्री पँटची दुमड उलगडली
तेव्हा हरवलेला छर्रा फरशीवर पडला,
पार भिंतीपर्यंत सरळ गेला.
मी ते कुणाला सांगितलं नाही.